आतून उघडणारं दार

माह्या नाकावर राग आहे, हे पहिलेच सांगून ठेवते. मेडशीत कोणालेबी विचारा. एकदा ग्रामसभेत मी टेबलावर चप्पल काढून ठेवली, तवापासून माणसं माह्याशी बेतानंच बोलतात. हा राग मी माहेराहून नेला होता का सासराहून आणला, ते आता मलेबी सांगता येत नाही. पण तीन वर्षाआधी आमी जुनी गाडी घेतली, अन् ती कोणती घ्याची यावरून जे झालं, अन् मंग त्या गाडीत जे झालं, ते एकदा सांगून टाकलं पाहिजे.

मी बायांची टोळी चालवते. निंदण असो, सोयाबीन सोंगणं असो, तूर कापणं असो, वावरवाल्याशी एकरावर बोली कराची अन् बाया घेऊन वावरात जाचं. आमी नऊ जणी. अर्ध्या आमच्या वस्तीतल्या, दर रविवारी विहारात भेटणाऱ्या, अर्ध्या डोंगराकडच्या वाडीतल्या. सगळ्यात म्हातारी साठीच्या पुढची, तिच्या तोंडाले कुलूप नाही. सगळ्यात लहान बावीस वर्षाची, वाडीत दिलेली, तिले आमी धाकटी म्हणतो. धाकटीचा हात कामाले असा चाले का तिची ओळ सगळ्याच्या पहिले सरे. अन् तिच्या अंगावर दर आठवड्याले नवे वळ. विचारलं का म्हणे, गोठ्यात पाय घसरला. घरी दोन वर्षाचं लेकरू, सासू, अन् नवरा. एखाद्या दिवशी हा माणूस तिले जित्ती ठेवणार नाही, हे आमाले सगळ्याइले दिसत होतं, अन् आमी सगळ्या आपापल्या ओळीत खाली मान घालून निंदत होतो.

तवा आमी भाड्याच्या पिकअपमधी उभ्यानं जात होतो. आमच्याकडली माती काळी. दोन दिवस पाणी पडलं का पांदण रस्ता चाक धरून ठेवते, सोडत नाही. एका सकाळी पिकअप नालीत कलंडला अन् एकीचा पाय दुसरीच्या इळ्यावर पडला. टाच उघडी झाली, आतलं पांढरं दिसलं. रक्त चिखलात जाऊन राह्यलं होतं, अन् ड्रायव्हर बाजूले उभा राहून गाडीचं काय मोडलं ते फोनवर मालकाले सांगत होता. मी त्याचा फोन हिसकून चिखलात फेकला अन् त्याच्या कानाखाली अशी वाजवली का माहीच बोटं दिवसभर ठणकली. त्याच दिवशी ठरवलं, आपली गाडी पाहिजे. जुनी चालन, पण चारही चाकं ओढणारी पाहिजे.

मंगरूळपीरले एक चाचा जुन्या गाड्यांचा धंदा करते. मिस्तरीबी तोच, दलालबी तोच, पण माणूस सरळ. माहा मोठा भाऊ पंचायत समितीत नोकरीले आहे. त्यानं चाचाशी फोनवर बोलून ठेवलं अन् एक दिवस सुट्टी काढली. मी म्हटलं, गाडीत बाया बसणार, तर पाहालेबी बायाच येतीन. नऊच्या नऊ जणी यष्टीनं मंगरूळले उतरलो. भावाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

चाचाच्या आवारात दोन गाड्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, इंजिनबी एकच. एक टॉप मॉडेल, एक बेस. टॉपवाली पांढरीशुभ्र, चकचकीत चाकं, आत मोठा पडदा, थंड हवा, सगळ्या सीटा समोर तोंड करून, काचा बटणावर. टक्कर झाली तर फुगणाऱ्या एअरबॅगबी होत्या. बेसवाली मातकट, तिच्यात यातलं काहीच नाही. काचा हातानं फिरवाच्या, प्रत्येक दाराची कडी आपापली लावाची, मागं समोरासमोर दोन लांब बाकडे अन् मधात उतराले मागचं दार. भाऊ टॉपच्या भोवताल फेऱ्या माराले लागला. मागच्या दारावर फोर बाय फोरचा, म्हंजे चारही चाकं ओढतात असा, बिल्ला होता, तो त्यानं मले बोट लावून दाखवला.

चाचा हसला. म्हणे, तो बिल्ला पहिल्या मालकानं बाजारातून आणून चिकटवला, आपल्या इकडं अर्ध्या गाड्या अशाच टॉप होऊन फिरतात. मंग त्यानं आमाले दोन्ही गाड्यांच्या खाली वाकाले लावलं. नऊ बाया अन् एक बाबू, सगळे मातीत गुडघे टेकून. बेसच्या खाली मधातून समोरच्या चाकाकडं जाणारा लोखंडी दांडा होता. टॉपच्या खाली तिथं काहीच नव्हतं.

"नाम मत देखो बाई, नीचे देखो," चाचा म्हणे. "चिखलात पडदा नाही ओढत, हा दांडा ओढते."

बायांनी आपली परीक्षा घेतली. म्हातारी आपला इळा अन् जेवणाचा डबा मुद्दाम घेऊन आली होती. टॉपमधी बसून तिनं नाक मुरडलं, वावरापर्यंत काय समोरच्या बाईचा आंबाडा पाहत जाऊ काय म्हणे. बेसमधी इळा बाकड्याखाली सरकवला, पाय लांब केले, समोरच्या बाईशी बोलाले लागली, अन् तिचा निकाल लागून गेला. पण भाऊ ऐकाले तयार नव्हता. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गाडी तू चालवणार, तो म्हणे, टक्कर झाली तर बेसचं स्टेअरिंग सरळ तुह्या छातीत घुसन. टॉपमधी निदान एकदा बसून तर पाह्य. मी बसली. सीट मऊ होती, खोटं कायले सांगू. भाऊ बाहेर उभा होता. लॉक कसं लागते ते दाखवाले त्यानं हातातलं रिमोट दाबलं. खटकन चारही दारं एका वक्ती बंद झाली.

पुढचं मले नीट आठवत नाही. बायांनी मंग सांगतलं. मी म्हणे दाराले लाथा घातल्या, अन् कोपरानं काचेवर मारत सुटली. काच फुटली नाही, माहं कोपर फुटलं. पांढऱ्या सीटवर रक्ताचे टिपके पडले. भावानं दार उघडलं, तशी मी बाहेर आली अन् सगळ्याइच्या देखत त्याच्या थोबाडीत मारली. माह्यापेक्षा आठ वर्षानं मोठा माणूस. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, कारण काय झालं ते त्याले एकट्यालेच कळलं होतं.

ते असं होतं. माहं सासर केनवडच्या पलीकडं, त्या गावाचं नाव मी तोंडातून काढत नाही. नवरा माराचा. पहिले हातानं, मंग पट्ट्यानं, मंग जे हाती लागन त्यानं. तिसऱ्यांदा बरगडी मोडून मी मेडशीले परत आली अन् म्हटलं, आता नाही जात. अकरा वर्षं झाली त्याले. दहाव्या दिवशी मी फाट्यावर बसची वाट पाहत उभी होती, भर दुपारी, माणसं होती आजूबाजूले. भाड्याची एक चकचकीत गाडी थांबली. नवरा उतरला, त्यानं मले केसानं धरलं अन् आत फेकलं. ड्रायव्हर अन् त्याचा एक दोस्त समोर. दारं खटकन बंद झाली.

मी हँडल ओढलं. ते नुसतं येई अन् जाई, दार काही उघडेना. नवऱ्यानं मोडक्या बरगडीवर कोपर मारलं, मंग तोंडावर बुक्की. एक दात तिथंच पडला, दुसरा मी गिळला. मी ओरडून राह्यली होती, थांबवा, मले उतराचं आहे. ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज वाढवला. कोणी मले विचारलं नाही का बाई, तुले कुठं जाचं आहे. तो मारत होता अन् मधातच म्हणत होता, तुह्या भल्यासाठी नेऊन राह्यलो. मी मार खात खात एकच गोष्ट पाहून ठेवली. ड्रायव्हरनं दारं लावली तवा त्याचं बोट कुठं गेलं होतं, ते.

आमच्या तालुक्याचं मालेगाव मागं पडल्यावर लवकर पोचाव म्हून त्याइनं गाडी वावरातल्या रस्त्यानं घातली. दोन दिवसाचं पाणी पडलं होतं. अर्ध्या कोसात मागची चाकं बुडापर्यंत रुतली. त्या गाडीवरबी फोर बाय फोरचा बिल्ला होता, तो मी मंग पाह्यला. तिघंबी धकवाले खाली उतरले. चावी तशीच, इंजिन चालू. नवऱ्याले वाटलं माह्यात आता काही राह्यलं नाही. मी दोन सीटांच्या मधातून समोर सरकली अन् ते बटण दाबलं. खट्. आता मी आत अन् ते बाहेर.

मी दोन्ही हात हॉर्नवर टाकले अन् उचललेच नाहीत. नवऱ्यानं धोंडा आणला. तिसऱ्या घावाले काच माह्या मांडीवर आली. त्यानं हात आत घालून माहे केस धरले, अन् मी त्याचं बोट चावलं, दाताले हाड लागेपर्यंत चावलं, जे दात उरले होते त्याइनं. तो ढोरावानी ओरडला. बाजूच्या वावरातले निंदणारे लोक धावत आले म्हून मी वाचली. पुढं केस झाली, काडीमोड झाली. अन् मी गाडी चालवाले शिकली. ज्याच्या हाती बटण, त्याच्या हाती गाडीतला जीव, येवढं मले त्या दिवशी कळलं होतं.

मंगरूळले कोपरावर फडकं बांधून मी चाचाले म्हटलं, बेस देजा. भाऊ खाली मान घालून उभा होता. तो बरोबर होता, एअरबॅग मी सोडल्या ही काही हुशारी नव्हे. पण टकरीचं भेव मले कमी होतं, कोंडल्या जाण्याचं जास्त. सौदा व्हाच्या वक्ताले मागच्या बाकड्यावरून धाकटीचा बारीक आवाज आला.

"ताई, हे मागचं दार आतून उघडत नाही."

तिनं कोणालेच न सांगता सगळी दारं आतून उघडून पाह्यली होती. मागच्या दाराचा आतला खटका तुटलेला होता. चाचा म्हणे, कायले पाहिजे आतून, बाहेरून कोणी उघडून देईन की. माहा पुन्हा तिळपापड झाला. मी म्हटलं, आतून उघडत नाही तोवर ही गाडी इथून हालणार नाही. चाचानं एका तासात दुसऱ्या गाडीचा खटका काढून बसवला. धाकटीनं ते दार तीनदा उघडलं अन् तीनदा लावलं, अन् मंग हसली. तिचे समोरचे दात मी पहिल्यांदा पाह्यले. ती जागा तिचीच झाली, मागच्या दाराजवळची.

गाडी लाख मोलाची निंघाली. त्या बेसमधी सगळं हातानं. चारही चाकं चालू कराची असली तर खाली उतरून समोरच्या दोन्ही चाकांवरचे खटके फिरवा लागतात, मंग आत येऊन छोटा गेअर टाका, त्यानं गाडी हळू पण जोरानं ओढते. उजवं चाक मी फिरवो, डावं धाकटी. चिखलानं भरलेल्या हातानं ती टाळी दे अन् मागं जाऊन बसे. जिथं ट्रॅक्टरवाले थांबत तिथून आमी गाणे म्हणत जाव. वर्षभर असं चाललं.

पुढच्या श्रावणात आमी एका सोयाबीनमधी निंदत होतो. दुपारची भाकर होऊन गेली होती. बांधावर मोटरसायकल थांबली अन् धाकटीचा नवरा उतरला. हातात तुतारी होती, बैल हाकाची, टोकाले खिळा असते ती. तो सरळ ओळीतून चालत आला अन् वाकलेल्या धाकटीच्या पाठीत त्यानं तुतारी घातली. ती उठाले गेली तर दुसरी मानेवर. लुगड्यातून रक्त वर आलं. तिचा गुन्हा काय, तर सकाळी निंघतानी भाजीत मीठ जास्त पडलं होतं.

मी बांधाकडं धावली. गाडीतून चाक खोलाची टामी काढली अन् मागून येऊन त्याच्या गुडघ्यावर मारली. गुडघ्याचा आवाज आला. तो बसला तशी मी त्याच्या खांद्यावर मारली, मंग पाठीवर. बायाइनं चिखलाचे गोळे त्याच्या तोंडात कोंबले, लाथा घातल्या, एकीनं त्याची तुतारी गुडघ्यावर मोडली. मले बरं वाटलं. लय बरं वाटलं. तो रडत होता अन् मी अजून मारत होती, अन् त्याच्या तोंडाच्या जागी मले दुसरंच तोंड दिसत होतं. म्हातारीनं माहा हात धरला नसता तर मी आज हे जेलातून सांगत असती.

मंग मी धाकटीले उचलून मागच्या बाकड्यावर टाकली, सोबत म्हातारी. बाकीच्या सहा जणी त्याले घेरून बांधावरच उभ्या राह्यल्या. मी गाडी वावरातूनच काढली, मालेगावच्या दिशेनं. ठाण्यात नेते, रिपोर्ट देते, अन् मंग तिले तिच्या मायकडं सोडते, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. धाकटीले मी विचारलं नव्हतं. विचाराची गरज आहे असं मले वाटलंबी नाही.

"ताई, थांबवा," ती म्हणाली. "लेकरू घरी आहे."

मी म्हटलं, लेकरू मंग आणू. ती म्हणे, सासू त्याइच्या बाजूची आहे, हा घरी जाईन अन् सगळा राग लेकरावर काढीन. मी म्हटलं, तो चालूच शकत नाही आता. ती म्हणे, त्याचा भाऊ आहे. ती म्हणत राह्यली, थांबवा, थांबवा, अन् मी छोट्या गेअरवर गाडी रेटत राह्यली. तिच्या आवाजानं माहं डोस्कं फिराले लागलं. हिच्यासाठी मी माणूस अर्धा मारून आली अन् हिले परत त्याच घरी जाचं आहे. ती उठून समोर आली अन् तिनं माहा खांदा धरून हालवला. स्टेअरिंग वाकडं झालं, गाडी नालीकडं गेली.

मी मागं वळून उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारली. पूर्ण ताकदीनं. तिचा ओठ फाटला. मी ओरडली, "बस खाली! तुह्या भल्यासाठी नेऊन राह्यली तुले!"

गाडी बंद पडली होती. धाकटीनं ओठ पुसला, हातावरचं रक्त पाह्यलं.

"तोबी असंच म्हणते," ती म्हणाली.

ती मागं सरकली अन् तिनं खटका ओढला. दार उघडलं. माहा हात आपोआप माह्या दारावर बटण शोधाले गेला. खरं सांगते, त्या घडीले ते बटण असतं तर मी दाबलं असतं. हाती नुसता काच फिरवाचा दांडा लागला. ती उतरली अन् चिखलातून परत वाडीच्या रस्त्यानं चालाले लागली. तिच्या पाठीवर रक्ताचा डाग होता. मी तिच्या मागं शिव्या घातल्या, लय घाण शिव्या. तिनं वळून पाह्यलं नाही.

त्याच्यानंतर ती कामाले आली नाही. मी रोज सकाळी वाडीच्या फाट्यावर गाडी थांबवो, थोडा वेळ पाहो, मंग जावो. आठव्या दिवशी वाडीतल्या बाईनं सांगतलं का नवरा खाटेवर पडून आहे, पण त्याच्या भावानं धाकटीचा हात मोडला, डावा, मनगटाच्या वर. रविवारी विहारात सगळ्यासंगं हात जोडून बसली. पहिलं शील म्हणाची वेळ आली, कोणत्याबी जिवाले दुखवणार नाही ते, अन् माह्या तोंडातून आवाजच निंघेना. मी उठून बाहेर आली. जीव तळमळत होता अन् त्या तळमळीचाबी मले रागच येत होता. तिचा राग, त्याचा राग, माहा राग. पण सगळ्यात जास्त त्या दाराचा. ते दार उघडलं नसतं तर तिचा हात साबूत असता.

सोमवारी मी गाडी घेऊन मंगरूळले गेली. चाचाले म्हटलं, हिले टॉपवालं लॉक बसवा, एका बटणावर सगळी दारं बंद झाली पाहिजेत, मागचंबी. हे काम तिथं रोजचंच आहे, लोक बेस घेतात अन् मंग एकेक करून टॉप करतात. चाचानं माह्या बाजूच्या दाराची आतली पट्टी खोलली. आत काही नसते, पत्रा अन् दोन काड्या. त्यानं तार ओढली अन् मले विचारलं का बटण कुठं देऊ.

मी त्या तारेकडं पाहत राह्यली तसा तोच म्हणाला, "तुमच्याच हाताजवळ देतो बाई. तुमी दाबलं का मंग कोणी किती ओढो, कोणाले उतरता येणार नाही."

नवऱ्याचं तोंड मी रोज पाहते, झोपेतबी पाहते. पण त्या भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचं तोंड मी साफ विसरून गेली होती. चाचाच्या आवारात मले ते आठवलं. तो काही वाईट दिसत नव्हता. माह्याच वयाचा, कपाळावर घाम, नजर रस्त्यावर. त्याले कोणीतरी सांगतलं असन का बाईले तिच्या घरी सोडाचं आहे, तिच्याच भल्याचं काम आहे. अन् त्यानं बोट दाबलं.

मी चाचाले म्हटलं, बंद करा, नाही लावाचं. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग माह्या कोपरावरच्या जुन्या डागाकडं पाह्यलं, अन् पट्टी परत ठोकली. एक स्क्रू हरवला तो हरवलाच. ती पट्टी आजबी खडखड वाजते.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, सकाळी मी फाट्यावर थांबली तर धाकटी उभी होती. डाव्या हाताले प्लास्टर, कडेवर लेकरू झोपलेलं, खांद्याले पिशवी. एक डोळा काळानिळा. गाडीतल्या सातही बाया सरकून बसल्या. तिनं मागचं दार उघडलं, पण ती चढली नाही. दार धरून उभी राह्यली.

मी खाली उतरली. तिच्याजवळ गेली तशी ती अर्धं पाऊल मागं सरकली, लेकराले छातीशी धरून. मी तिथंच थांबली, दोन्ही हात पाठीमागं नेले. म्हटलं, मी तुले मारलं ते वाईट केलं. मंग मी विचारलं, "कुठं जाचं आहे तुले?"

तिनं माह्या पाठीमागं नेलेल्या हाताइकडं पाह्यलं.

"मालेगावले. ठाण्यात," ती म्हणाली. "तिथून मायकडं. अन् हळू चालवा, लेकरू आताच झोपलं आहे."

त्या दिवशी वावर तसंच पडलं. मी हळू चालवली. मोठा गेअर टाकलाच नाही. ती आपल्या जागेवर बसली होती, मागच्या दाराजवळ. प्लास्टरचा हात लेकरावर, अन् चांगला हात दाराच्या खटक्यावर. मेडशी गेलं, पुढचे दोन फाटे गेले, तरी तिनं तो हात काढला नाही. मी आरशात पाहत होती. मालेगावात ठाण्यासमोर गाडी उभी राह्यली, इंजिन बंद झालं, तवा तिनं दार उघडलं अन् मंगच हात सोडला.